संगणक गेला, पडदा आहे

मे महिन्यात बोदवड-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि दिवसचे दिवस तिथून हलत नाही. अशा दुपारी झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या संगणक कक्षात, सातबारा काढून देणाऱ्या केंद्रात जी यंत्रं चालू असतात, त्यांच्या पोटातली उष्णता बाहेरच्याहून कितीतरी जास्त असते. त्यातही ऑल-इन-वन संगणकाचे हाल जास्त. मदरबोर्ड, हार्डडिस्क, पंखा, स्पीकर सगळं पडद्याच्या पाठीला चिकटवलेलं, हवा खेळायला बोटभर जागा. हा मुलूख कापसाचा. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू झालं की हवेतली बारीक रुई पंख्याच्या जाळीत जाऊन बसते आणि धुळीबरोबर तिचा घट्ट थर होतो. वर विजेचा दाब कमीजास्त होत असतो तो वेगळाच. मग काही वर्षांनी एके सकाळी बटण दाबलं तरी काही होत नाही. दुरुस्तीवाला उघडून बघतो आणि सांगतो, "भाऊ, मदरबोर्ड गेला. नवीन टाकण्यात अर्थ नाही." यंत्र आधी कपाटावर जातं, मग माळ्यावर आणि शेवटी वजनावर भंगारात.

गेला तो संगणक. पडदा बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

काय असतं त्या पडद्यात? साडेएकवीस इंचांच्या साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचे तीन भाग, लाल, हिरवा आणि निळा. म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या बासष्ट लाखांहून अधिक झडपा, आणि प्रत्येकीला तिचा स्वतःचा ट्रान्झिस्टर, काचेवरच घडवलेला. मदरबोर्ड जळतो तेव्हा यांतल्या एकाही झडपेला सहसा धक्का लागलेला नसतो. काय दाखवायचं हे सांगणारं मागे कोणी उरलेलं नसतं, म्हणून पडदा काळा.

कितीतरी यंत्रं तर बिघडलेलीसुद्धा नसतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, आजही झकास रंग दाखवणारा ऑल-इन-वन एका तारखेने जुना ठरला. पडद्याला त्या तारखेशी काही देणंघेणं नव्हतं.

हा पडदा सोडवून घेता येतो. त्याला लॅपटॉप जोडता येतो, सेट-टॉप बॉक्स जोडता येतो, दुसरा सीपीयू जोडता येतो. ते कसं करायचं ते सांगणारच आहे, पण आधी आपण नेमकं काय वाचवतो आहोत ते बघू. ही वस्तू कशी चालते हे एकदा कळलं की ती भंगारात टाकायला हात होत नाही.

गोष्ट सुरू होते १८८८ साली, प्राग शहरात. फ्रीडरिश रायनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून बनवलेला एक पदार्थ, कोलेस्टेरिल बेंझोएट, त्याने तापवला. १४५.५ अंश सेल्सियसला तो वितळला, पण झाला गढूळ. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना तो एकदम नितळ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! रायनित्झरने हे कोडं ऑटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवलं. लेमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की मधल्या त्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. त्याचे लांबट रेणू जागा सोडून फिरतात, पण तोंड मात्र सगळे एकाच दिशेला करून राहतात. आज आपण याला द्रवस्फटिक म्हणतो. एलसीडी या तीन अक्षरांतलं एल आणि सी म्हणजे हेच.

जवळजवळ ऐंशी वर्षं हा पदार्थ प्रयोगशाळेतलं नवल होऊन राहिला. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी त्याची झडप बनवली. ती समजून घेण्यासारखी आहे. प्रकाशाची लहर डोलते, आणि ती आडवी, उभी, तिरपी कशीही डोलू शकते. ध्रुवक नावाची पातळ फिल्म एकाच दिशेने डोलणारा प्रकाश पुढे सोडते, बाकीचा गिळते. अशा दोन फिल्म एकमेकींना काटकोनात ठेवल्या तर पहिलीतून आलेला प्रकाश दुसरीत अडतो आणि पूर्ण अंधार होतो. आता या दोघींच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर भरायचा, तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. काचेच्या आतल्या पृष्ठभागाला असं वळण दिलेलं असतं की एका काचेजवळचे रेणू आडवे आणि दुसरीजवळचे उभे राहतात, आणि मधल्या थरांत ते हळूहळू वळत जातात. प्रकाश त्या वळणाबरोबर वळतो, नव्वद अंश फिरतो आणि दुसऱ्या फिल्ममधून अलगद बाहेर पडतो. थरावर काही व्होल्टांचा दाब दिला की रेणू काचेशी काटकोनात उभे ठाकतात, वळण मोडतं, प्रकाश अडतो. दाब अर्धवट दिला तर अर्धवट उजेड. पडद्यावर दिसणारी प्रत्येक छटा, अक्षराची प्रत्येक कड, या एवढ्याशा हालचालीतून येते. पुढे १९९० च्या दशकात हिताचीने आयपीएस नावाची सुधारित रचना बाजारात आणली. तिच्यात रेणू उभे न राहता काचेला समांतर राहूनच वळतात, आणि त्यामुळे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. चांगल्या ऑल-इन-वनमध्ये हाच पडदा असतो.

आता प्रश्न असा की बासष्ट लाख झडपांना प्रत्येकीचा वेगळा दाब पोहोचवायचा कसा? प्रत्येकीला वेगळी तार ओढली तर पडदा तारांनीच भरून जाईल. उत्तर शेतकऱ्याला चटकन कळेल. ठिबक येण्याआधी, आणि अजूनही अनेक ठिकाणी, पाणी भरणारा एका सरीचं तोंड फोडतो, पाटाचं पाणी तिच्यात जाऊ देतो, सरी भरली की माती ओढून तोंड बंद करतो आणि पुढच्या सरीकडे जातो. भरलेली सरी पुढच्या पाळीपर्यंत ओल धरून राहते. पडद्याच्या काचेवर हेच होतं. आडव्या ओळीचे सगळे ट्रान्झिस्टर एकदम उघडतात, वरून येणाऱ्या उभ्या तारांमधून त्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याला हवा तेवढा विद्युतभार मिळतो, ट्रान्झिस्टर बंद होतात, आणि पुढची ओळ उघडते. बंद झालेली ओळ आपला भार पुढच्या पाळीपर्यंत धरून ठेवते. एकूण १०८० ओळी, आणि सेकंदाला साठ पाळ्या. म्हणजे दर सेकंदाला ६४,८०० ओळी भरल्या जातात. एका ओळीच्या वाट्याला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम पंधरा भाग येतात, आणि तेवढ्यात ५,७६० झडपांना आपापला नेमका दाब मिळतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. द्रवस्फटिकावर सतत एकाच दिशेचा दाब दिला तर त्यातले विद्युतभारित कण एका बाजूला सरकून साचतात आणि पडदा खराब होतो. म्हणून प्रत्येक पाळीला दाबाची दिशा उलटवतात. आत्ता अधिक तर पुढच्या क्षणी उणे. रेणूंना दिशेशी कर्तव्य नसतं, दाब किती एवढंच त्यांना कळतं, त्यामुळे चित्र तसंच राहतं. निवांत दिसणाऱ्या पांढऱ्या कागदासारख्या पानामागे ही उलथापालथ सेकंदाला साठ वेळा चालू असते.

या सगळ्यात आपल्या रेल्वेमार्गावरचंही एक नाव आहे. बोदवड स्टेशनवरून जाणारी मुंबई-हावडा गाडी पुढे नागपूरला पोहोचते. त्या नागपूरच्या विद्यापीठातून १९५१ साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या क्रमांकाने. तारे आणि कृष्णविवरांवर काम करणारे नोबेलविजेते चंद्रशेखर ते हे नव्हेत. दोघेही सी. व्ही. रामन यांच्या नात्यातले, एवढाच संबंध. नागपूरहून ते बंगळूरला मामांकडे, म्हणजे रामन यांच्याकडे, संशोधनाला गेले. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की द्रवस्फटिक व्हायला रेणू लांबट काडीसारखाच असावा लागतो असं नाही. चपट्या चकतीसारखे रेणूही एकावर एक रचून द्रवस्फटिक होतात. तोवर जवळपास नव्वद वर्षं सगळे लांबट रेणूंच्याच मागे होते. पुढे जपानच्या फुजीफिल्मने अशाच चकतीरूप रेणूंची एक फिल्म बनवली. स्वस्त पडद्यांकडे बाजूने पाहिलं की चित्र फिकट किंवा उलटं दिसायचं, ती खोट या फिल्मने बरीच कमी केली. जगभरातल्या असंख्य मॉनिटर आणि लॅपटॉपच्या पडद्यांवर ती बसली. जुन्या पडद्याकडे बाजूने पाहताना अक्षरं नीट वाचता आली तर त्यात नागपूरला शिकलेल्या त्या माणसाच्या शोधाचा वाटा असू शकतो. आपल्या शाळांच्या पुस्तकात हे नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पडदा चांगला असेल तर मग लॅपटॉपची एचडीएमआय केबल थेट त्यालाच का लावत नाही? कारण ऑल-इन-वनच्या आतल्या पडद्याला एचडीएमआय कळत नाही. मदरबोर्ड आणि पडदा यांच्यामधली केबल वेगळ्या पद्धतीने बोलते. २०१० च्या आगेमागे बनलेल्या बहुतेक यंत्रांत ही पद्धत एलव्हीडीएस असते, नंतरच्या अनेकांत ईडीपी.

एलव्हीडीएस म्हणजे अगदी कमी दाबाच्या फरकाने दिलेला संकेत. हा फरक साधारण ३५० मिलीव्होल्ट असतो, घड्याळातल्या दीड व्होल्टाच्या सेलच्या पाव हिश्श्याहूनही कमी. प्रत्येक संकेताला दोन तारा असतात आणि त्यांत उलटसुलट दाब असतो. घेणारी बाजू दोन्ही तारांमधला फक्त फरक मोजते. शेजारच्या मोटरचा, पंख्याचा किंवा मोबाईलचा जो काही गोंधळ त्या केबलवर पडतो तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि वजाबाकीत नाहीसा होतो. इतक्या नाजूक संकेतावर फुल एचडी पडद्याला दर सेकंदाला जवळजवळ तीनशे कोटी बिट पोहोचतात. पडदा उघडाल तेव्हा जोडी-जोडीने पीळ दिलेल्या केसासारख्या तारांची केबल दिसेल. तिला जपा, कारण या सगळ्या उद्योगात सगळ्यात सहज तुटणारी वस्तू तीच.

म्हणून मधे एक बोर्ड लागतो. बाजारात त्याला एलसीडी कंट्रोलर बोर्ड, स्केलर बोर्ड किंवा युनिव्हर्सल बोर्ड म्हणतात. एका बाजूला एचडीएमआय आणि व्हीजीएची तोंडं, दुसऱ्या बाजूला पडद्याची केबल. त्यावरची मुख्य चिप आलेलं चित्र पडद्याच्या मापाचं करते आणि पडद्याला कळेल अशा रूपात पुढे पाठवते. जुन्या लॅपटॉपवरून १३६६ बाय ७६८ चं चित्र आलं तर १९२० बाय १०८० साठी लागणारे मधले लाखो ठिपके ती स्वतः हिशेब करून भरते, सेकंदाला साठ वेळा. तळहातावर मावणारा हा बोर्ड साधारण हजार-दोन हजार रुपयांच्या घरात मिळतो.

हाच बोर्ड लॅपटॉपला पडद्याची ओळखही सांगतो. एचडीएमआय केबल जोडल्याबरोबर लॅपटॉप आधी विचारतो, समोर कोण आहे? बोर्डावरून किमान १२८ बाइटांची एक छोटी नोंद परत जाते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिच्यात बनवणाऱ्याचं नाव, पडद्याचं माप, किती ठिपके, किती वेग, रंगांची क्षमता असं सगळं असतं. या दोन-तीन ओळींच्या मजकुराएवढ्या नोंदीवरून लॅपटॉप ठरवतो की काय पाठवायचं.

ॲपलने काही काळ ही वाट स्वतःच खुली ठेवली होती, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या सत्तावीस इंची आयमॅकला टार्गेट डिस्प्ले मोड नावाची सोय होती. दुसरा मॅक केबलने जोडायचा, कीबोर्डवर कमांड आणि एफ-२ दाबायचं, आणि आयमॅकचा पडदा त्या दुसऱ्या मॅकचा होऊन जायचा. २०११ पासून २०१४ च्या मध्यापर्यंतच्या आयमॅकवर हेच थंडरबोल्ट केबलने व्हायचं. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये ५के पडद्याचा आयमॅक आला आणि ही सोय गेली. कारण सरळ अंकगणितात आहे. ५१२० बाय २८८० म्हणजे १,४७,४५,६०० ठिपके. प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला साठ वेळा, म्हणजे सेकंदाला २१ गिगाबिटांच्या वर. त्या वेळच्या डिस्प्लेपोर्ट १.२ केबलमधून प्रत्यक्ष माहिती जाऊ शकायची १७.२८ गिगाबिट, आणि थंडरबोल्ट २ ची मर्यादा होती २० गिगाबिट. पडदा केबलच्या पुढे निघून गेला होता. २०२२ मध्ये ॲपलने सत्तावीस इंची आयमॅक बंद केला आणि त्याच मापाचा, तितक्याच ठिपक्यांचा स्टुडिओ डिस्प्ले वेगळा विकायला काढला, भारतात १,५९,९०० रुपयांपासून. जगभरचे हौशी लोक जुन्या ५के आयमॅकमधला संगणक काढून त्या जागी खास बोर्ड बसवू लागले आहेत. ५के साठीचा बोर्ड महाग पडतो, पण पडद्याची किंमत पाहिली तर हिशेब जुळतो.

बोदवडसारख्या गावात आयमॅक क्वचितच. आपल्याकडे एचपी, लेनोवो, डेल, एसर यांचीच यंत्रं. म्हणून पुढचं त्यांच्यासाठी.

आधी यंत्र उलटं करून मागची तोंडं बघा. काही मॉडेलना एचडीएमआयची दोन तोंडं असतात, एक बाहेर चित्र देण्याचं आणि एक आत घेण्याचं. आत घेण्याच्या तोंडाशेजारी बहुधा "इन" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते असेल आणि यंत्र सुरू होत असेल तर काहीच करायला नको. केबल लावा आणि पडद्याच्या बटणातून ते निवडा. यंत्र चालू आहे पण असं तोंड नाही, तर विंडोज १० मधली "या पीसीवर प्रोजेक्ट करणे" ही सोय वापरून वायफायवरून लॅपटॉपचं चित्र तिथे आणता येतं. चित्र किंचित मागे राहतं, म्हणून खेळाला किंवा व्हिडिओ जुळवायला ते उपयोगाचं नाही, पण अर्ज भरताना एका पडद्यावर कागदपत्रं आणि दुसऱ्यावर फॉर्म ठेवायला पुरेसं आहे. यंत्र पूर्ण बंद असेल तर बोर्डाशिवाय मार्ग नाही.

बोर्ड आणण्याआधी पडद्याच्या पाठीवरचं लेबल वाचा. यंत्राच्या बाहेरच्या मॉडेल क्रमांकावर विसंबू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे पडदे बसवलेले असतात. लेबलवर एलएम२१५डब्ल्यूएफ३ असं काहीतरी दिसेल. हा एलजी डिस्प्लेचा क्रमांक, २१५ म्हणजे २१.५ इंच. एयूओ, सॅमसंग, इनोलक्स यांचे आपापले क्रमांक असतात. या क्रमांकावरून पडद्याचं पूर्ण माहितीपत्रक शोधता येतं आणि त्यातून चार गोष्टी कळल्याच पाहिजेत. पडदा एलव्हीडीएस आहे की ईडीपी, केबलच्या तोंडात किती पिना आहेत, पडद्याला किती व्होल्ट लागतात आणि बॅकलाइट कोणत्या प्रकारचा आहे.

व्होल्टची गोष्ट दोनदा वाचा. बोर्डावर एक छोटा जंपर असतो. तो ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट यांपैकी एकावर ठेवायचा असतो. लॅपटॉपचे पडदे सहसा ३.३ वर, मॉनिटर आणि ऑल-इन-वनचे बरेचसे ५ वर, टीव्हीचे अनेकदा १२ वर चालतात. पाचाच्या पडद्याला बारा दिले तर जे वाचवायला निघालो तेच एका क्षणात जातं, आणि ते परत येत नाही. मल्टीमीटरने तपासल्याशिवाय पडद्याची केबल जोडू नका.

बॅकलाइटबद्दलही सांभाळून. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही. मागून येणाऱ्या पांढऱ्या उजेडातला दहा टक्क्यांहूनही कमी भाग शेवटी आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, बाकीचा ध्रुवक आणि रंगांच्या फिल्ममध्ये जिरतो. म्हणून मागचा दिवा जबर लागतो. २०१० नंतरच्या बहुतेक पडद्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांना ठरावीक प्रवाह देणारा वेगळा लहान बोर्ड मिळतो. त्याआधीच्या पडद्यांत बारीक काचेच्या नळ्या असतात. त्यांना चालवणारा इन्व्हर्टर कित्येक शे व्होल्ट तयार करतो, आणि नळीत थोडा पारा असतो. नळी फुटली तर खोलीची दारं-खिडक्या उघडा आणि तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका. ज्या यंत्राच्या आतच वीजपुरवठा असतो, आयमॅक त्यांतलाच, त्याचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेहून जास्त व्होल्ट धरून असतात. बाहेर अडॅप्टर असलेल्या ऑल-इन-वनमध्ये ही भीती नाही. ज्याने टीव्हीचं काम कधी केलेलं नाही त्याने आत वीजपुरवठा असलेलं यंत्र उघडूच नये. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला शेजारी बसवा. युनिव्हर्सल बोर्ड बसवणं हे त्याच्या रोजच्या हातातलं काम असतं, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फेरी मारली तर माहीतगार माणूस सापडतो.

सगळं जोडल्यावर चित्र आलं, पण चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसले, तर घाबरू नका. एलव्हीडीएसमध्ये रंगांचे बिट मांडण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि बोर्ड एका पद्धतीने पाठवतोय, पडदा दुसरीने वाचतोय. बोर्डाच्या सेटिंगमध्ये ती बदलता येते. चित्र दुहेरी किंवा दातेरी दिसलं तर सम आणि विषम ठिपक्यांच्या तारांची अदलाबदल झालेली असते. बोर्डाला पडद्याच्या मापाची फाइल लागते. अनेक बोर्डांत ती पेनड्राइव्हवरून टाकता येते आणि विकणारा बहुधा टाकूनच देतो, फक्त त्याला तो लेबलवरचा क्रमांक सांगावा लागतो. स्पीकर बहुतेकदा याच बोर्डाला जोडून वापरता येतात. टच आणि कॅमेरा परत चालू करणं मात्र कटकटीचं, त्यांच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. काचेला तडा असेल, उभ्या रंगीत रेघा येत असतील किंवा कोपऱ्यात काळा डाग पसरला असेल, तर बोर्डाचे पैसे घालू नका. तो बिघाड पडद्यातलाच आहे.

एक शंका नेहमी येते. आपल्या उन्हाळ्यात पडदा टिकेल का? द्रवस्फटिक ही मधली अवस्था आहे. फार तापवलं तर रेणूंची शिस्त मोडून साधा द्रव होतो आणि पडदा काळा पडतो, थंड झाला की परत येतो. मॉनिटरचे पडदे सहसा पन्नास अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. मागे तापणारा प्रोसेसर आणि हार्डडिस्क काढून टाकल्यावर आतली उष्णता मोठ्या प्रमाणात कमी होते. संगणकातून मोकळा झालेला पडदा बोदवडच्या मे महिन्यात आधीपेक्षा सुखात राहतो, फक्त पत्र्याला टेकवून किंवा उन्हाच्या कवडशात ठेवू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंद राहील अशा रीतीने गोळा होऊन पुनर्वापराला गेला. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी मात्र जुनं यंत्र अजूनही तराजूवरच जातं. तिथे काच फुटते, तांबं निघतं, आणि बासष्ट लाख ट्रान्झिस्टरांची मोजणी किलोत होते.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, दुकानात किंवा माळ्यावर असा बंद ऑल-इन-वन असेल तर तो विकण्याआधी मागचं झाकण जाणकाराकडून उघडून घ्या आणि पडद्यावरचा क्रमांक लिहून ठेवा. पडदा चांगला निघाला तर बारावीच्या, डिप्लोमाच्या एखाद्या मुलाला लहान लॅपटॉपबरोबर द्या. निघाला नाही, तर जिल्ह्यातल्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या, आणि काढलेला मदरबोर्ड व बॅटरीही त्याच्याकडेच जाऊ द्या. हार्डडिस्क तेवढी आधी काढून घ्या, तुमचे कागद आणि फोटो तिच्यात आहेत.